बसऱ्याचा पणजो आणि कणकुंबीचा पत्ता

या वेळच्या टपालात चार पत्रं लष्कराच्या जुन्या कागदांबद्दल आहेत. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात कारकुनी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाला दुसरं काय हवं? पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय. संपादकांनी कात्री लावली नाही, त्यांचे आभार.

प्रश्न : माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीत होते. घरात सांगतात की ते कुतच्या वेढ्यात अडकले, घोड्याचं मांस खाऊन जगले आणि तुर्कांच्या कैदेतून सुटून आले. इंग्रजांनी त्यांना जमीन दिली होती, ती भाटकारानं, म्हणजे जमीनदारानं गिळली, असंही सांगतात. परत आल्यावर ते मरेपर्यंत शेजारच्या गावातल्या भाटकाराच्या कुळागरात, सुपारी-नारळाच्या बागेत, राबले. म्हातारा खजूर कधी तोंडात घालत नसे, एवढं वडिलांना आठवतं. आमच्याकडे त्यांचं चांदीचं पदक आहे. कडेवर चार आकडी नंबर, 'सिपॉय', त्यांचं नाव आणि '114 मराठाज' अशी इंग्रजी अक्षरं आहेत. डिस्चार्जचा कागद आहे, पण अर्धा वाळवीनं खाल्लाय. त्यावर भरती ऑगस्ट 1916 आणि गाव 'कणकुंबी, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव' असं आहे. आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या केरीचे. हा माणूस आमचाच का? पेन्शन का मिळाली नाही? आणखी माहिती कुठे मिळेल?
— एक वाचक, केरी, सत्तरी

उत्तर : माणूस तुमचाच आहे. पत्र मिळाल्यावर मी तुम्हाला फोन करून विचारलं, कणकुंबीत तुमच्या पणजोबांचं कोण होतं? तुम्ही म्हणालात, त्यांच्या आईचं माहेर तिथलं. मग कोडं सुटलंच. चोर्ला घाट चढून गेलं की कणकुंबी. तिथून जांबोटी, पुढे बेळगाव. केरीच्या माणसाची ही पायाखालची वाट. पण त्या घाटात राज्य बदलत होतं. खाली पोर्तुगीज, वर इंग्रज.

आता भरती करून घेणाऱ्याच्या बाजूनं बघा. पोरगा अंगानं धडधाकट आहे, जातीनं मराठा आहे, पलटणीला माणसं हवी आहेत. पण रंगरूट घेतला की त्याचा व्हेरिफिकेशन रोल त्याच्या गावी जातो. हा इथलाच, चालचलणूक बरी, असं पाटील आणि मामलेदार कचेरीनं लिहून द्यायचं असतं. सत्तरीच्या पोर्तुगीज अमलातून असा कागद कोण आणणार? मामाच्या गावचा पाटील मात्र भाच्याला ओळखतो. तेव्हा पत्ता मामाचा लागला. मी जुने रोल हाताळलेत, त्यांत मामाचे, मेव्हण्याचे, कुणाकुणाचे पत्ते असायचे. यात फसवाफसवी बघू नका. सरकारला पत्ता हवा होता, त्यानं दिला.

काही जण मला विचारतात, पोर्तुगालची रयत इंग्रजांच्या फौजेत म्हणजे गुन्हा नाही का? तुमच्या पणजोबांच्या बाबतीत तर हा प्रश्न फारसा उरतच नाही. मार्च 1916 मध्ये जर्मनीनं पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारलं. म्हणजे ते भरती झाले त्या ऑगस्टात लिस्बन आणि लंडन एकाच बाजूला होते. वर्षभर आधी गेले असते तर ते तटस्थ देशाचे प्रजाजन ठरले असते. त्यांना यातलं काही ठाऊक असेल असं मला वाटत नाही. ठाऊक होतं ते महिन्याला 11 रुपये.

हा 11 रुपयांचा आकडा नीट बघा, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. शिपायाचा मूळ पगार तेवढा होता आणि मोहिमेवर शिधा सरकारचा. तुमच्या वडिलांनी आजोबांकडून ऐकलेलं तुम्ही लिहिलंय की कुळागरात मजुरी बहुतेक भातातच मिळायची, पायलीच्या मापानं, आणि तीही सरद, म्हणजे पावसाळी भात, कापून झाल्यावर. पावसाळ्याच्या तोंडाला घरातलं संपलं की भाटकाराकडूनच उसनं, आणि ते फिटायचं पुढच्या कापणीत. अशा घरातल्या विशीतल्या मुलाला दर महिन्याला रोख रुपये, तेही मनिऑर्डरनं घरी धाडता येतील असे, ही काय चीज असेल! तो स्वयंसेवक शिपाई होता हे खरं. कुणी धरून नेलं नव्हतं. पण 'राजासाठी लढायला गेला' असं कुणी स्मरणिकेत छापायला लागलं तर त्यांना थांबवा.

आता कुतकडे येऊ. इथे तुम्ही थोडे नाराज व्हाल. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तैग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमारात जनरल टाउनशेंडची इंग्रज फौज 7 डिसेंबर 1915 पासून तुर्कांच्या वेढ्यात होती आणि 29 एप्रिल 1916 रोजी तिनं शरणागती पत्करली. तुमच्या पणजोबांची भरती त्यानंतर चार महिन्यांनी झाली. शिवाय वेढ्यात अडकलेल्या मराठा पलटणी तीन : 103, 110 आणि 117. तुमच्या पदकावर 114 आहे. ते कुतच्या वेढ्यात नव्हते, कैदेतही नव्हते.

पण घरातल्यांनी ही गोष्ट हवेतून आणली असंही नाही. कुत इंग्रजांनी फेब्रुवारी 1917 मध्ये परत घेतलं, मार्चमध्ये बगदाद पडलं. त्यानंतर बसऱ्याला उतरलेला शिपाई वर बगदादकडे जायचा तो तैग्रिसमधूनच, आगबोटीनं किंवा तिच्या बाजूला बांधलेल्या पडावातून, आणि वाटेत कुत लागायचंच. तिथे वेढ्याच्या गोष्टी ऐकल्या नाहीत असा मराठा शिपाई सापडणं कठीण, कारण त्या तीन पलटणींतले लोक कोकणातले, घाटावरचे, यांच्याच भाषेचे. घोड्याच्या मांसाची गोष्टही खरी आहे, फक्त ती त्या लोकांची. हिंदी शिपायांनी कितीतरी आठवडे ते मांस नाकारलं. धर्मगुरूंची परवानगी मागवल्याचं सांगितलं तरी बरेच जण खाईनात, आणि नुसत्या पिठावर राहून हिरड्या सुजून, पाय गळून पडले. म्हाताऱ्यानं हे घरी सांगितलं असेल 'आमच्या लोकांचं' म्हणून. दोन पिढ्यांनी त्यातले 'लोक' गाळले.

114 ची स्वतःची कामगिरी काही कमी नाही. ऑक्टोबर 1918 च्या शेवटच्या आठवड्यात, तुर्कांशी तह व्हायच्या तोंडावर, मोसुलच्या खाली शर्कात इथे मोठी लढाई झाली. त्या एका लढाईत 114 ला शौर्याची 28 पदकं मिळाली. बेळगावात हा आकडा रंगरूटांकडून घोकून घेत. तुमचे पणजोबा त्या दिवशी तिथे होते का? डिस्चार्जच्या उरलेल्या अर्ध्या कागदावरून सांगता येत नाही. भरती, तालीम, मुंबईहून बसरा हे सगळं धरलं तर असायला हरकत नाही. मात्र त्या 28 जणांत ते नव्हते. असते तर तुमच्याकडे या चांदीच्या पदकाखेरीज दुसरं एखादं असतं.

तुमच्याकडे आहे ते सर्वांना मिळालेलं युद्धपदक. एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं, दुसरीकडे घोड्यावरचा नागडा पुरुष. त्याच्या जोडीला पंखवाल्या देवीचं पिवळं विजयपदक असायला हवं. ते हरवलेलं दिसतं. सहसा उलट घडतं, पिवळं राहतं आणि चांदीचं जातं. या पदकात पावणेतीन तोळ्यांच्या आसपास चांदी असते. गरीब घरात ती मुलीच्या लग्नात किंवा आजारपणात सोनाराकडे जायची. तुमच्या घरानं ती वितळू दिली नाही, याचं मला अजून नवल वाटतंय.

जमिनीची गोष्ट मात्र सोडून द्या. इंग्रज सरकार पोर्तुगीजांच्या सत्तरीत जमीन देणार कुठून? ब्रिटिश मुलखातही इनामं मिळाली ती विशेष कामगिरीवाल्यांना, बहुतेक अंमलदारांना. साध्या शिपायाला नाही. भाटकारांनी पुष्कळांचं पुष्कळ गिळलंय, पण ही जमीन त्यात धरू नये.

पेन्शनचंही तसंच. लांब नोकरी झालेली असावी, नाहीतर जखमेनं अपंगत्व आलेलं असावं. तुमच्या कागदावर डिस्चार्जचं कारण 'सर्प्लस' इतकंच वाचता येतं. म्हणजे लढाई संपली, माणसं जास्त झाली, घरी जा. ऑगस्ट 1916 ते मार्च 1920 म्हणजे साडेतीन वर्षं. हातात थोडी रक्कम आणि रेल्वेचा पास, बस. त्या रकमेचं काय झालं हे घरात विचारा. बैलजोडी, विहीर, बहिणीचं लग्न, काहीतरी निघेल. मला विचाराल तर पदकापेक्षा त्या बैलजोडीचा शोध घेण्यात जास्त मजा आहे.

आता शोध कुठे घ्यायचा. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा, पण फार आशा धरू नका. प्रत्येक शिपायाचा शीट रोल असायचा : जन्म, घराणं, उंची, खुणा, बदल्या, शिक्षा, सगळं त्यात. पण पेन्शन नसलेल्यांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायचा नियम आहे. मुदत आज 25 वर्षं आहे. तुमच्या पणजोबांच्या कागदाला शंभर वर्षं उलटून गेली. पत्रात नंबर आणि पलटण दोन्ही लिहा. त्या काळी प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे असत, त्यामुळे नुसता नंबर पाठवलात तर तेवढ्या नंबराची पाच माणसं निघतील. 114 लिहायला विसरू नका. 1922 च्या फेररचनेत हीच पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दहावी, म्हणजे तालमीची बटालियन झाली आणि बेळगावात बसली. आजच्या सेंटरचं मूळ तेच.

युद्धात मेलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. तुमचे पणजोबा जिवंत परतले, म्हणून तिथे सापडणार नाहीत.

या माणसानं शिपाईगिरी केली साडेतीन वर्षं आणि मजुरी चाळीसेक वर्षं. त्याचा माग लष्करात संपतो, महसुलात सुरू होतो. 1975 चा मुंडकार कायदा आल्यावर भाटकारांच्या जमिनीत घर असलेल्यांची नोंद मामलेदार कचेरीत झाली. तुमच्या आजोबांनी अर्ज केला असेल तर 'हे घर कोणी, केव्हा बांधलं' याचा जबाब त्यात असेल, आणि त्या जबाबात पणजोबांचं नाव. वाळपईला जाऊन ती फाईल मागा. सत्तरच्या दशकातल्या सर्व्हेचा फॉर्म वन अँड फोर्टीनही काढा, कूळ म्हणून कुणाचं नाव लागलंय ते दिसेल. पोर्तुगीज काळातले दाखले पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत, पण तिथे नाव शोधताना पोर्तुगीज स्पेलिंग धरा. 'श'ला तिथे एक्स लागतो. इंग्रजी पदकावरचं स्पेलिंग घेऊन गेलात तर दिवस फुकट जाईल.

आणि डिस्चार्जच्या कागदावर 'खुणा' या रकान्यात 'डाव्या भुवईवर व्रण' असं वाचता येतं म्हणालात. घरात सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, पणजोच्या भुवईवर काय होतं? आधी काही सांगू नका. नुसतं विचारा.

प्रश्न : आजीच्या वडिलांचं असंच घोडेस्वाराचं पदक आमच्याकडे आहे, पण तांबूस आहे. सोनार म्हणतो चांदीचं नाही म्हणजे नकली. कडेवर नंबर, नाव आणि 'लेबर' असा शब्द वाचता येतो. फेकून द्यावं का?
— एक वाचक भगिनी, मुरगाव

उत्तर : ताई, सोनाराचं चांदीपुरतं बरोबर आहे, पुढचं चूक. हेच युद्धपदक शिपायांना चांदीत दिलं आणि लेबर कोअर, पोर्टर कोअर वगैरेंतल्या मजुरांना ब्राँझमध्ये. छाप तोच, राजा तोच, धातू हलका. विजयपदक या लोकांना सहसा मिळालंच नाही, तेव्हा त्याची जोडी शोधत बसू नका.

या मजुरांशिवाय मेसोपोटेमियाची मोहीम एक आठवडा चालली नसती. 1916 मध्ये बसऱ्याला धड धक्का नव्हता. माल भरलेली जहाजं नदीत दिवसच्या दिवस ताटकळत उभी असायची. बसऱ्याजवळच्या मगीलचे धक्के बांधणं, चिखलात भराव टाकणं, हिंदुस्थानातून उपसून नेलेले रूळ बगदादच्या दिशेनं टाकत नेणं, हे ज्यांनी केलं त्यांच्या हातात बंदूक नव्हती. उन्हाळ्यात तिथे पारा पन्नासच्या घरात जातो, माशा इतक्या की घास तोंडात जाईपर्यंत काळा होतो. शिपाई गोळीनं मेला तर त्याचं नाव निघायचं. मजूर उन्हानं किंवा हगवणीनं मेला की एक आकडा कमी.

बंदरातल्या कामाची सवय असलेले मुरगावचे लोक अशा भरतीत असणं साहजिक आहे. कडेवरच्या 'लेबर' या शब्दाच्या आधी-नंतर काय आहे ते भिंग घेऊन वाचा आणि मला कळवा. फेकायचं तर मुळीच नाही. आणि सोनाराकडे परत नेऊ नका.

प्रश्न : आमचे पूर्वज 1895 मध्ये पोर्तुगीज फौजेतून पळाले असं ऐकलंय. नातेवाईकांपैकी एक जण त्यांना पळपुटा म्हणतो, दुसरा क्रांतिवीर. तुम्ही काय म्हणाल?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : दोघांनाही एकेक कप चहा द्या आणि गप्प बसवा.

झालं ते असं. 1895 मध्ये मोझांबिकात बंड मोडायला गोव्यातल्या मराठा शिपायांना पाठवायचं पोर्तुगीज सरकारनं ठरवलं. समुद्र ओलांडला की जात गेली, ही भीती होतीच. पण मला विचाराल तर प्रश्न तेवढाच नव्हता. आपण नसताना घरच्यांनी खायचं काय, पगार काय, परत केव्हा, याची धड उत्तरं मिळेनात. सप्टेंबरात शिपायांनी हत्यारं घेऊन पणजी सोडली, सत्तरी गाठली आणि नाणूसच्या किल्ल्यात ठाण मांडलं. सत्तरीचे जमीनदार राणे त्यांना येऊन मिळाले. दीपाजी राण्यांनी 1852 मध्ये ज्या किल्ल्यावरून उठाव केला होता तोच हा. लिस्बनहून खुद्द राजाचा भाऊ, राजपुत्र आफोंसु, फौज घेऊन आला. शेवटी दादा राणे यांना तिमोरला हद्दपार केलं.

आता 'पळपुटा' म्हणणाऱ्याला विचारा, घरात बसायला पळालेला माणूस बंदूक घेऊन किल्ल्यात जातो का? आणि 'क्रांतिवीर' म्हणणाऱ्याला सांगा, त्यांची पहिली मागणी स्वातंत्र्याची नव्हती, नोकरीच्या अटींची होती. आजच्या भाषेत तो संप होता, आणि संपवाल्यांकडे बंदुका होत्या. मला यात काही कमीपणा दिसत नाही.

वरचं केरीचं पत्र याच्या शेजारी ठेवून वाचा. 1895 ला सत्तरीत समुद्रापलीकडे जायला नकार देणारे मराठे शिपाई लपले होते. 1916 ला त्याच सत्तरीतला मुलगा आपणहून घाट चढून समुद्रापलीकडे गेला. अवघ्या 21 वर्षांत जातीची भीती गेली असं समजू नका. पहिल्यांना हुकूम होता, दुसऱ्याला मनिऑर्डर होती.

तुमच्या पूर्वजांचं नाव शोधायचं तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात 1895 ते 1897 ची सरकारी बुलेटिनं चाळा. पोर्तुगीज वाचणारं कुणी सोबत न्या. जुन्या पिढीतला एखादा निवृत्त शिक्षक किंवा नोटरीकडचा कारकून अजून सापडतो आणि त्याला असं काम आवडतंही.

प्रश्न : आजोबांच्या चांदीच्या पदकाची अक्षरं काळी पडून दिसेनाशी झालीत. आई म्हणते, सोलं लावून घास, समईसारखं लखलखेल. घासू का?
— एक विद्यार्थी, पेडणे

उत्तर : नको रे बाबा. आईला माझा नमस्कार सांग आणि सोलं कढीसाठी ठेवायला सांग. पदकाच्या कडेवरची अक्षरं उथळ ठोकलेली असतात. दर दिवाळीला आंबटात घासलं की आधी नंबर जातो, मग पलटण, आणि उरतो तो नुसता राजाचा चेहरा. त्याचा तुला उपयोग नाही, तो सगळ्यांच्या पदकावर आहे. काळा थर असू दे, तो चांदीला खात नाही. अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी पदकाच्या कडेला अगदी लागून आडवी धर आणि पदक हळूहळू फिरव. अक्षरांच्या सावल्या पडतील. एका माणसानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहून घ्यायचं. 3 आणि 8 यांत घोटाळा होतो, तेवढं दोनदा बघ. फोटो काढून मला पाठव. नंबर, नाव आणि पलटण तिन्ही मिळाली तर पुढच्या अंकात उत्तर देतो.